आईला सांभाळणारी बाई नीट करते की नाही, हे सुरतेत बसून कसं कळणार?

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. आई ७१ वर्षांच्या, अमळनेरला घरीच आहेत, पाच महिन्यांपूर्वी पॅरालिसिस होऊन उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालंय, शुगर आहे, इन्सुलिन आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, डायपर लागतं. एजन्सीची एक बाई २४ तास घरात असते. आबा आहेत पण त्यांच्याच्याने आता उचलणं होत नाही. तुम्ही सुरतला, बहीण जळगावला. मागच्या रविवारी तुम्ही आलात तर माकडहाडावर रुपयाएवढी लाल जागा आणि उजव्या दंडावर निळे डाग दिसले, बाई म्हणते मी काहीच केलं नाही, आणि तुमचं विचारणं असं की कॅमेरा बसवू, बाई बदलू का एजन्सीच बदलू.

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेली सिस्टर, आधी वॉर्डात होते, नंतर जळगाव-धुळ्याकडे घरोघरी जाऊन पेशंट केले आणि आता या कामात येणाऱ्या नवीन पोरींना शिकवते. म्हणून स्पष्टच बोलते, राग मानू नका. तुम्ही विचारताय बाई चांगली की वाईट. पण तुमच्या घरात आत्ता जी व्यवस्था आहे ना, त्यात मी स्वतः २४ तास राहिले तरी पंधरा दिवसांत आईच्या पाठीवर ती लाल जागा आलीच असती. एकच बाई, तीच दिवसा अंघोळ घालणार, भरवणार, डायपर बदलणार, आबांचा स्वयंपाक करणार, भांडी घासणार आणि रात्री दर दोन तासांनी उठून आईंची कूस बदलणार? ती झोपते कधी? दोन दिवस करेल, आठ दिवस करेल, मग रात्री १ ला उठायचं ते ५ ला उठेल आणि तेवढ्या वेळात माकडहाडाची कातडी जाते. म्हणून आधी व्यवस्था बघा, बाईचा निकाल नंतर लावा.

आता त्या दोन खुणा, कारण घाई तिथे आहे.

लाल जागेवर बोट दाबा आणि सोडा. दाबल्यावर पांढरी पडून परत लाल झाली तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिली तर ती जखमेची पहिली पायरी समजा, कातडी फाटलेली नसली तरी. आपल्याकडे सावळ्या रंगावर लाली नीट दिसत नाही, तेव्हा हात लावून बघायचं, आजूबाजूपेक्षा जागा गरम लागते का, टणक लागते का, का पिलपिली. अशा जागेवर तेल चोळून मालिश अजिबात करायची नाही, आपल्याकडे सगळ्यात आधी तेच करतात आणि आतलं नाजूक मांस अजून चिरडतं. हळद नको, स्पिरिट नको, टाल्कम पावडरचे थर नको, ती मधे भोक असलेली गोल उशी पण नको कारण तिच्या कडेनेच रक्त अडतं. त्या जागेचं औषध एकच, तिथे वजन येऊ न देणं. म्हणजे जागा भरेपर्यंत आई पाठीवर झोपायच्याच नाहीत, डावीकडे उजवीकडे अशा आळीपाळीने, आणि पूर्ण कुशीवर नाही तर पाठीमागे उशी लावून अर्धवट तिरप्या, ३० अंशाच्या आसपास, म्हणजे वजन ना माकडहाडावर येतं ना खुब्याच्या हाडावर. लुळ्या बाजूवर थोडाच वेळ ठेवा आणि तो खांदा अंगाखाली दबू देऊ नका. पोटऱ्यांखाली उशी द्या, टाचा हवेत राहिल्या पाहिजेत. कातडी उघडली, काळी पडली, पाणी किंवा वास यायला लागला, ताप आला, तर मात्र घरी प्रयोग करू नका, शुगरचा पेशंट आहे, डॉक्टरला त्याच दिवशी दाखवा.

दंडावरच्या डागांचं थोडं वेगळं आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू असली की साध्या पकडीने पण निळं पडतं. चार बोटांचे डाग एका बाजूला आणि अंगठ्याचा दुसऱ्या बाजूला असेल तर बहुतेक वेळा दंडाला धरून वर ओढलंय, उचलताना. ते चूकच आहे, पॅरालिसिसच्या हाताला धरून ओढलं की खांदा निखळू शकतो आणि ते दुखणं मग महिनोन्महिने जात नाही, पण ते न शिकवल्यामुळे होतं, मारल्यामुळे नाही. उलट डाग मांडीच्या आतल्या बाजूला, छातीवर, कानामागे असतील, काही हिरवे-पिवळे काही ताजे निळे असे वेगवेगळ्या दिवसांचे असतील, किंवा बाई जवळ आली की आई आकसून घेत असतील, तर मग शंका घ्यायची आणि वाट बघत बसायची नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला पहिला प्रकार वाटतो, पण मी डाग बघितलेले नाहीत, तेव्हा बहिणीला जळगावहून बोलवा आणि अंघोळीच्या वेळी सगळं अंग बघायला सांगा.

उचलायचं कसं, तर दोन माणसं लागतात. जाड चादर चौपट करून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली घालून ठेवायची, दोन्ही बाजूंनी चादरीला धरायचं, एक दोन तीन म्हणून सरकवायचं. अंगाला नाही, चादरीला धरायचं. आबांना एवढं जमतं, त्यात ताकदीपेक्षा ताल लागतो. घरी मोटरचा किंवा हँडलचा फाउलर बेड, म्हणजे पाठ आणि गुडघे वर-खाली करता येणारा पलंग असेल तर आधी गुडघ्याकडचा भाग थोडा वर घ्यायचा आणि मग पाठीकडचा, नाहीतर पेशंट घसरत खाली येतो आणि घसरताना माकडहाडाची कातडी आतल्या आत ओढली जाते. ही गोष्ट बेड विकणारा सांगत नाही. कपडे घालताना आधी लुळा हात, काढताना आधी चांगला हात. आणि साडी-ब्लाऊजचा हट्ट आता सोडा, पाठीकडून उघडा गाऊन शिवून घ्या, निम्मी ओढाताण तिथेच संपते.

एअरबेड, म्हणजे पंपाने हवा भरणारी गादी, आहे का ते तुम्ही लिहिलं नाही. असला तर त्यावर काय अंथरलंय ते बघा, कारण खानदेशात मी ज्या घरात जाते तिथे एअरबेडवर गोधडी, गोधडीवर मेणकापड आणि त्यावर चादर असते. मग त्या हवेचा उपयोग काय राहिला? एक सुती चादर, सैल, बस. पेशंट वर असताना बेडखाली माकडहाडाच्या जागी हात सरकवून बघा, मधे इंचभर हवा लागली पाहिजे, हाताला थेट अंग टेकलं तर हवा कमी आहे. लाईट गेली की तो बेड हळूहळू बसतो आणि पेशंट फळीवर येतो, म्हणून पंप इन्व्हर्टरवर घ्या, त्याला वीज फारशी लागत नाही. आणि एअरबेड आला म्हणून कूस बदलणं बंद होत नाही, हे चारदा सांगावं लागतं. जखम नसेल, गादी चांगली असेल आणि सकाळी कातडी स्वच्छ दिसत असेल तर रात्री दोनाऐवजी तीन-चार तासांवर जाता येतं, पण ते त्या माणसाच्या कातडीवर ठरतं. आत्ता तुमच्याकडे ती सवलत नाही.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला पाहिजे, कारण पुण्या-मुंबईचे सल्ले आपल्याकडे लागू पडत नाहीत. एप्रिल-मे मधे पारा ४४ च्या पुढे गेला की गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी अक्षरशः भाजतं, नळ सोडला आणि तसंच अंगावर ओतलं तर उजव्या बाजूला कदाचित कळतच नाही, फोड आल्यावर कळतं. अंघोळ सकाळी, पाणी आधी बादलीत, बाईने स्वतःचं कोपर बुडवून बघायचं. डायपर उन्हाळ्यात दिवसभर बांधून ठेवू नका, दिवसातून एक-दोनदा तासभर उघडं, खाली कापड. दर तीन-चार तासांनी बदलायचं, आणि शी झाली तर लगेच, पुसायचं पुढून मागे, कोरडं करून मग झिंक ऑक्साईडचं क्रीम पातळ. आणि कुलर! ओल्या हाताने कुलरला हात लावून शॉक बसण्याचे प्रकार आपल्याकडे दर उन्हाळ्यात होतात आणि पेशंटच्या खोलीत तर सारखं पाणी सांडतं. अर्थिंग तपासून घ्या, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक बसताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या, लोखंडी पलंग कुलरला टेकू देऊ नका.

खाण्याबद्दल. बोलणं तुटक झालंय म्हणजे गिळण्यातही गडबड असू शकते, जेवताना ठसका लागतो का, जेवल्यावर आवाज ओलसर घरघरीत येतो का, हे बाईला विचारा. येत असेल तर डॉक्टरला किंवा गिळण्याचा अभ्यास केलेल्या स्पीच थेरपिस्टला दाखवा. भरवताना पूर्ण बसवून, हनुवटी किंचित खाली, चमचा लहान, घास डाव्या म्हणजे चांगल्या बाजूच्या गालात, आणि जेवणानंतर अर्धा तास बसूनच. (हो, आणि बसवलं की माकडहाडावर वजन येतं, मग काय करायचं? जेवणापुरतं बसवायचं, अर्ध्या तासाने डोकं खाली घेऊन कुशीवर. दिवसभर टीव्हीसमोर अर्धवट बसवून ठेवणं मात्र बंद.) आपल्याकडे हौसेने शेवभाजी भरवतात, आईला आवडते म्हणून. गिळायला त्रास असणाऱ्याला रस्सा आणि शेव असं पातळ-घट्ट एकत्र हेच सगळ्यात अवघड, पातळ आधी घशात उतरतं आणि शेव तोंडातच राहते. त्यापेक्षा मऊ मूगडाळीची खिचडी, वरणात भिजवून एकजीव केलेली भाकरी. केळं तर आपल्याकडे कमी नाही, पण शुगर आहे तेव्हा किती द्यायचं ते डॉक्टरला विचारून. जखम भरायला प्रथिनं लागतात, ती डाळ, दही, अंडं चालत असेल तर अंडं यातून.

आता ज्या गोष्टीला मी सगळ्यात जास्त घाबरते ती, इन्सुलिन. कोण देतं? बाई देत असेल तर तिला कोणी शिकवलं? आपल्याकडे बाटली ४० ची पण मिळते आणि १०० ची पण, म्हणजे एका मिलीलिटरमधे ४० किंवा १०० युनिट, आणि सिरिंजही तशाच दोन, ४० वाली लाल टोपणाची, १०० वाली केशरी टोपणाची. १०० च्या बाटलीतलं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमधे २० रेघांपर्यंत भरलं तर जातं ५० युनिट. मेडिकलवाल्याने एखाद्या दिवशी वेगळी सिरिंज दिली आणि कोणी बघितलं नाही, एवढंच पुरतं. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा रोज जुळवायचा, ताट समोर आल्याशिवाय जेवणाचं इन्सुलिन टोचायचं नाही. न बोलणाऱ्या पेशंटची शुगर उतरली की ती झोपल्यासारखी दिसते आणि सगळे म्हणतात आज छान झोप लागली. घाम फुटलाय, गार पडल्यात, नीट जाग येत नाही, लगेच शुगर तपासा. ७० च्या खाली आणि गिळता येतंय तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज द्या, ठसक्याचा त्रास असेल तर पातळ पाण्यात नको, घट्टसर कालवून, आणि १५ मिनिटांनी परत तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, १०८ लावा.

इथेच एजन्सीचा मुद्दा येतो. पांढरा कोट घातला म्हणून ती सिस्टर होत नाही. एएनएम, जीएनएम, बीएससी केलेल्यांची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते, ती मागा, खरी सिस्टर आनंदाने दाखवते. तुमच्याकडची बाई बहुधा अटेंडंट, म्हणजे नर्सिंग न शिकलेली मदतनीस आहे, त्यात कमीपणा काही नाही, अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं यात चांगली अटेंडंट कित्येक सिस्टरांना मागे टाकते. पण नाकातली नळी घालणं, लघवीची नळी बदलणं, उघड्या जखमेचं ड्रेसिंग ही तिची कामं नाहीत, इन्सुलिनही तुमच्या डॉक्टरांनी किंवा सिस्टरने समोर बसून शिकवल्याशिवाय नाही. एजन्सीला लेखी विचारा, हिला काय येतं, सुट्टीच्या दिवशी बदली कोण, पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का, आणि तुम्ही देता त्यातले तिच्या हातात किती पडतात. शेवटच्या प्रश्नाला ते चिडतील, तरी विचारा, कारण फार थोडे पडत असतील तर ती महिन्याभरात जाणार आणि तुमची आई परत नव्या हातात.

नवीन बाई घेताना मी अनुभव किती वर्षांचा ते विचारत नाही, म्हणते मावशी, जरा यांची कूस बदलून दाखवा. हात धुते का, दार लोटते का, आधी पेशंटला सांगते का की आता वळवते, चाकाच्या पलंगाचा ब्रेक लावते का. दोन मिनिटांत कळतं. आणि शक्यतो अहिराणी समजणारी घ्या. पॅरालिसिसनंतर म्हातारी माणसं कधीकधी लहानपणीच्याच बोलीत बोलतात, आई 'माले पानी दे' म्हणत असतील आणि ते कळत नसेल तर मे महिन्यात त्याचा अर्थ फार वाईट होतो.

कॅमेऱ्याचं. लावायचा तर बाईला सांगून लावा, आणि अंघोळ-डायपरच्या जागी नाही, आईंची पण अब्रू आहे आणि त्या बाईची पण. कॅमेऱ्यात बाई खोलीत आहे एवढं दिसतं, चादरीखाली काय चाललंय ते दिसत नाही. मी घरी गेले की आधी पेशंटची लुळी मूठ उघडते. बंद मुठीच्या आत घाम साचतो, नखं रुततात, वास येतो, आणि दिखाव्यासाठी साफसफाई करणारी माणसं तिथपर्यंत पोचत नाहीत. मूठ स्वच्छ आणि कोरडी असेल तर नव्वद टक्के घर चांगलं. मग कानामागे, छातीखालच्या घड्या, जांघा, टाचा, जीभ. आईंच्या पाठीचे फोटो मागवायचे असतील तर आईला विचारून आणि फक्त बहिणीच्या फोनवर, कृपा करून फॅमिली ग्रुपवर टाकू नका, मी असले ग्रुप बघितलेत.

एक वही ठेवा. वेळ, कूस कोणती, काय खाल्लं, पाणी किती, लघवी-शी, शुगर, कातडी. ती वही वाचायची पण एक पद्धत आहे. सगळ्या वेळा बरोबर २, ४, ६, ८ आणि एकाच पेनने एकसारखं अक्षर, म्हणजे संध्याकाळी बसून लिहिलंय. १:५०, ४:१५, 'आज नाही म्हणाल्या, डाळ अर्धीच', असं वाकडंतिकडं असेल तर विश्वास ठेवा. आणि खरं लिहिलं म्हणून ओरडू नका. एकदा का 'आज पडल्या' लिहिल्यावर बोलणी बसली, की पुढच्या वेळी पडलेलं कळणारच नाही.

काही गोष्टींत मात्र दुसरी संधी नाही. मारणं, दम देणं, हात बांधून ठेवणं, पडलेलं लपवणं, आणि झोपेची गोळी स्वतःच्या मनाने देणं. शेवटचं फार चालतं, आई दिवसभर गुंगीत असतील तर पाकिटातल्या गोळ्या मोजा. असं काही असेल तर त्याच दिवशी बाई बंद, एजन्सीला लेखी, गरज पडली तर ११२. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाईन पण आहे.

मग तुमच्या घरी काय करावं? मला विचाराल तर बाई आत्ता बदलू नका. स्वयंपाक-भांड्याला गावातलीच वेगळी बाई लावा. रात्रीसाठी दुसरी अटेंडंट जमत असेल तर उत्तमच, नसेल जमत तर निदान या बाईला दुपारी सलग चार तास झोप आणि आठवड्याला एक पूर्ण सुट्टी द्या, त्या दिवशी बहीण किंवा तुम्ही. ताप्ती लाईनने, म्हणजे सुरत-जळगाव रेल्वेने, रविवारी येताच तुम्ही, मग येऊन नुसतं आईजवळ बसू नका, एक अंघोळ स्वतः घाला, म्हणजे अंगही बघून होतं आणि बाईला पण कळतं की हे काम किती आहे ते या माणसाला माहिती आहे. बाईला झोपायला पेशंटच्या खोलीत स्वतःची खाट, वेळेवर जेवण, पगार तारखेला. आबा तिच्यावर ओरडत असतील तर त्यांना तुम्ही समजवा, ती समजवू शकत नाही. आणि एखाद्या जाणत्या सिस्टरला आठवड्यातून एकदा तासभर बोलवा, जखम बघायला, इन्सुलिन तपासायला आणि बाईला शिकवायला. दोन आठवडे एवढं करून बघा. व्यवस्था सुधारूनही लाल जागा वाढली किंवा नवीन डाग आले, तर मग बाई बदला, तेव्हा तुमच्याकडे कारण असेल.

तोपर्यंत तीन गोष्टी इथे कळवा, गादी कोणती आहे, दाबल्यावर जागा पांढरी पडते का, आणि इन्सुलिनच्या बाटलीवर ४० लिहिलंय का १००. बाटलीचं मात्र आज रात्रीच्या डोसच्या आधी बघा.